शीड नसलेल्या नावेची परीक्षा

नावेच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी शब्दकोशात सापडलं. माझे वडील नावाडी आहेत. उजनी धरणाच्या फुगवट्यावर गेली पंचेचाळीस वर्षं ते माणसं, शेरडं, केळीचे घड, नवरदेव आणि अलीकडे मोटरसायकली या काठावरून त्या काठावर नेतात. त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आमच्याकडे नावेच्या पुढच्या टोकाला नाक म्हणतात आणि मागच्याला शेपूट. तरी मी वहीत ‘नाळ’ लिहिलं, खाली रेघ मारली आणि स्वतःवर खूश झाले. त्या खुशीचा मला आजही राग येतो, आणि हे सगळं मी त्या रागातच लिहिते आहे. डोकं थंड व्हायची वाट बघत बसले तर लिहून होणार नाही.

आमचे लोक मूळचे नावाडी नव्हेत, शेतकरी. धरण झालं, पाणी अडलं आणि काळी रानं, विहिरी, देऊळ सगळं पाण्याखाली गेलं. गाव उठून वर माळावर आलं. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेल्या वयाचे होते. सोयरेधायरे पलीकडच्या काठावर राहिले, शाळा अलीकडे, बाजार अलीकडे. कुणीतरी नाव चालवणं भाग होतं, म्हणून ज्यांचा हात बैलांवर चालायचा त्यांनी वल्हं हातात घेतलं. नावेचे शब्द त्यांना कोण शिकवणार? त्यांनी होते तेच बैलांचे शब्द नावेला दिले. नाव खुंट्याला दाव्यानं बांधतात आणि सकाळी सोडतात. पूर्वी लाकडी नावा होत्या तेव्हा उन्हाळ्यात त्यांच्या फळ्या वाळून फटी पडायच्या. मग दोन दिवस नाव काठाशी पाण्यात दाबून ठेवायची, फळ्या फुगून फटी मिटायच्या. त्याला नावेला पाणी पाजणं म्हणायचे. पुढे पत्र्याच्या नावा आल्या, इंजिन आलं, तरी इंजिन बंद पडलं की आबा ‘बसलं’ म्हणतात, औताचा बैल बसतो तसं.

डावी आणि उजवी बाजू आबा मानत नाहीत. माणूस तोंड फिरवून बसलं की डाव्याचं उजवं होतं, मग भरल्या नावेत कुणाचं डावं धरायचं, असं त्यांचं म्हणणं. ते वरलं अंग आणि खाललं अंग म्हणतात. खाललं अंग म्हणजे धरणाच्या भिंतीकडचं. नाव कशीही वळली तरी भिंत जागची हलत नाही. मला हे लहानपणी अडाणीपणाचं वाटायचं, कारण शाळेत बाईंनी डावा हात आणि उजवा हात शिकवला होता.

एक शब्द मात्र आबांच्या नावेत चालत नाही. बुडणं. मी नऊ वर्षांची असताना भरल्या नावेत तो मोठ्यानं उच्चारला आणि आबांची सणसणीत थप्पड खाल्ली. त्यांनी मला आयुष्यात मारलेली ती एकच. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की तो शब्द अशुभ आहे. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. तसंच हे असणार. पुढे मी मराठी घेऊन बी.ए. केलं, बी.एड. झाले, सोलापुरात एका शाळेत लागले, तिथंच जुळे सोलापूर या भागात फ्लॅट घेतला. वर्गात असे वळसे घालून बोलायचे शब्द शिकवताना मी दरवर्षी त्या थपडेची गोष्ट सांगते. मुलांना ती आवडते.

मग नवा नियम आला. नाव चालवायची तर परवाना हवा, परवान्याला तोंडी परीक्षा, आणि नावेत जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेटं. जॅकेटांबद्दल माझी काही तक्रार नाही, ती फार आधीच यायला हवी होती. आबांनीही पहिल्या आठवड्यात आणली आणि सगळ्यांत आधी स्वतः घालून आरशात पाहिलं. माझं भांडण परीक्षेशी आहे. परीक्षेला एक इंग्रजी पुस्तिका लावली होती, समुद्रावरच्या लोकांसाठी कुणीतरी केव्हातरी लिहिलेली. तिचं मराठी करायला माणूस हवा होता, आणि फिरत फिरत ते काम आमच्या मुख्याध्यापकांमार्फत माझ्याकडे आलं. पुस्तिकेवर भाषांतरकार म्हणून नाव छापणार होते. मी लगेच हो म्हटलं.

परीक्षा घेणारे साहेब तिशीतले, सभ्य, बोलायला मऊ. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं की मॅडम, तुम्हाला बोटींची काही माहिती आहे का. मी सांगितलं की माझे वडील जलवाहतुकीच्या व्यवसायात आहेत. नावाडी हा शब्द काही माझ्या तोंडातून निघाला नाही. एवढ्या सगळ्या प्रकरणात खोटेपणाची सुरुवात कुणी केली, असं कुणी विचारलं तर उत्तर हे आहे.

पंधरा दिवस मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ, भरती, ओहोटी. एकेक शब्द सापडला की शाळेत असताना बक्षीस मिळाल्यावर व्हायचा तसा आनंद व्हायचा. धरणाच्या पाण्याला भरती नाही आणि आमच्या एकाही नावेला शीड नाही, हे मला माहीत होतं. पण मूळ पुस्तिकेत होतं ते मी इमानेइतबारे आणलं. एकदाही आबांना फोन करून विचारलं नाही की तुम्ही याला काय म्हणता. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग मला ‘शेपूट’ छापावं लागलं असतं. शेवटच्या पानावर संकटकाळच्या सूचना होत्या. त्यातली पहिली मी अशी केली: ‘नौका बुडत असल्याचे लक्षात येताच चालकाने प्रथम मोठ्या आवाजात तशी घोषणा करावी.’ ‘लक्षात येताच’ हे मला विशेष साधलं असं वाटलं होतं.

पुस्तिका छापून आली. परीक्षेच्या आठ दिवस आधी आबा अभ्यासाला माझ्याकडे आले, येताना पिशवीभर चिलापी मासे घेऊन. चौथी शिकलेला माणूस, बोट ठेवून वाचतो. सकाळी मी शाळेत गेले की ते गॅलरीत चटई टाकून बसायचे आणि पुस्तिका मोठ्यानं वाचायचे. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मला जिन्यात विचारलं की तुमचे वडील कुठली पोथी वाचतात. संध्याकाळी ओट्याजवळ मी प्रश्न विचारायची आणि ते चपात्या लाटणाऱ्या माझ्याकडे न बघता उत्तरं द्यायचे.

पाठांतर चोख होतं. शिडाची नौका समोरून आल्यास तिला वाट द्यावी, हे त्यांनी पहिल्या दिवशीच पाठ केलं. मग विचारलं, शिडाची नाव आपल्याकडं कुठनं यायची. मी म्हटलं, येणार नाही, पण आली तर वाट द्यायची. त्यांनी मान हलवली. भरती-ओहोटीचं ऐकून म्हणाले, धरणातनं कालव्याला पाणी सोडलं की काठ मागं सरतो, तसलंच का हे? मी म्हटलं, तसलंच, पण परीक्षेत कालवा म्हणू नका. पाणी खाली गेल्यावर जुन्या गावच्या भिंती कुठं वर येतात, बाभळीचे खुंट कुठं लागतात, देवळाचा कळस किती हातावर राहतो, हे सगळं त्यांना डोळे मिटून सांगता येतं. त्याबद्दल पुस्तिकेत ओळ नव्हती. त्यांनी तसं काही बोलून दाखवलं नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही.

फक्त शेवटच्या पानावर गाडं अडायचं. नौका बुडत असल्याचे लक्षात येताच प्रथम काय कराल, असं विचारलं की आबा उठायचे, माठातलं पाणी प्यायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे. चार दिवस असंच झालं. मला थप्पड आठवली आणि मी मनातल्या मनात हसले. घरात अभद्र बोलायचं नाही म्हणून टाळतात, परीक्षेत म्हणतील, असं समजून मी तो प्रश्न सोडून दिला.

परीक्षा सात रस्ता चौकाजवळच्या एका कचेरीत होती. मी शाळेतून रजा घेतली आणि दोघं रिक्षानं गेलो. बाकावर सहा-सात नावाडी पांढरे शर्ट घालून, पुस्तिकेची गुंडाळी हातात धरून बसले होते. पाण्यावर ज्यांचा आवाज पलीकडच्या काठाला जातो ती माणसं तिथं कुजबुजत होती. आबांच्या आधी आमच्याच भावकीतला एक जण आत गेला. त्यानं इंजिन घेऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. पाच मिनिटांत तो पास होऊन बाहेर आला आणि त्यानं आबांच्या पायाला हात लावला.

आबांबरोबर मला आत बसू दिलं, मी भाषांतरकार होते म्हणून. साहेबांनी मला चहा विचारला. नाळ कोणती, पिछाडी कोणती, शिडाच्या नौकेला काय करावं, सगळं आबांनी घडाघडा सांगितलं. साहेब खूश होऊन माझ्याकडे बघत होते आणि माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं होतं. मग शेवटचा प्रश्न आला. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांनी आवाज चढवला आणि एकेक शब्द सुटा केला, बहिऱ्याशी बोलावं तसा. मला त्या आवाजाची चीड आली.

आबांनी माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, “साहेब, त्यात लिवलंय तसं...”

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. “आबा, थांबा, मी सांगते,” म्हटलं, आणि सुरू झाले. दुकान वाढवण्यापासून बांगडी वाढवण्यापर्यंत सगळं सांगितलं. रात्री सापाला जनावर म्हणतात ते सांगितलं. या लोकांचं गाव धरणात गेलं, घरांच्या कागदांवर ‘बुडीत’ असा शिक्का पडला, तेव्हापासून तो शब्द त्यांना जिभेवर नको असतो, हेही सांगितलं. हे शेवटचं मला तिथंच सुचलं होतं, पण बोलता बोलता मला ते खरं वाटायला लागलं. आबा समोरच्या पंख्याकडे बघत होते.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, मॅडम, भावना समजतात, पण ही अंधश्रद्धा झाली, आणि प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे. जो माणूस धोक्याचा शब्दच उच्चारू शकत नाही त्याच्या हाती प्रवासी कसे द्यायचे? त्यांनी कागदावर ‘उत्तर दिले नाही’ असं लिहिलं आणि महिन्यानं फेरपरीक्षेला या म्हणून सांगितलं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही, त्यामुळे तर माझा जास्तच तिळपापड झाला. जेवणाची वेळ झाली होती. ते डबा घेऊन उठले आणि म्हणाले, “येतो मॅडम.”

“साहेब, निघालात तुम्ही, आणि म्हणताय येतो. जातो का म्हणत नाही?”

ते दारात थांबले, हसले, आणि म्हणाले, “ते वेगळं.” ते वेगळं. आपण केलं की रीत आणि नावाड्यानं केली की अंधश्रद्धा. हे दोन शब्द मी पुढचा आठवडाभर घरात, शाळेत, भाजी निवडताना, जो भेटेल त्याला ऐकवले. आबा मात्र रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, “लई बोललीस.” मला ती शाबासकी वाटली.

आबांची नाव महिनाभर खुंट्याला राहिली. पलीकडच्या काठावर एक वस्ती आहे, वीस-पंचवीस घरांची. जुन्या गावाच्या बरोबर वरून तिकडे जावं लागतं. पाणी भरपूर असलं तर कुणीही जाईल, पण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की खाली भिंती आणि बाभळीचे खुंट असतात, आणि त्यांच्यामधली वाट फक्त आबांना ठाऊक. परवाना मिळालेल्या भावकीतल्या माणसानं एकदा प्रयत्न केला, इंजिनाचा पंखा खुंटाला लागून मोडला, आणि तो तिकडे जायचा बंद झाला. वस्तीवरच्या पोरी कॉलेजला अलीकडे येतात. गाडीरस्त्यानं वळसा घालून यायचं तर दीड तास, आणि एसटी दिवसाला एक. त्यातल्या दोघींनी महिनाभर कॉलेज सोडलं. एकीच्या आईनं मला फोन केला आणि विचारलं की तुमच्या आबांना तेवढं एक उत्तर का देता येईना. फोन ठेवल्यावर माझा सगळा राग साहेबांवरून उठला आणि आबांवर जाऊन बसला.

रविवारी मी गाव गाठलं. आबा काठावर नाव पालथी घालून पत्र्याचा गंज खरडत होते. मी चप्पलसुद्धा काढली नाही. रागाच्या भरात माझी पुस्तकी भाषा गळून पडते.

“आबा, एक शबुद म्हनायला काय जातंय तुमचं? पोरी घरी बसल्या तिकडं. अशुभ तर अशुभ. म्हना आनि मोकळं व्हा.”

आबांनी खरडणी खाली ठेवली. “अशुभ कोन म्हनलं?”

“मंग मला थप्पड का मारली हुती?”

“तुला त्येवडीच ध्यानात हाय व्हय?” ते नावेच्या पाठीवर बसले. “फळी उचाकली हुती. पानी घोट्याला आलं हुतं, त्येवडंच. काठ चार वल्ह्यांवर हुता. डब्यानं उपसत आरामात लागलो असतो. तू वरडलीस, बुडाली बुडाली म्हनून. समदी उटून हुबी ऱ्हायली. पानी नाव पालथी करत न्हाई, बाय. हुबं ऱ्हायल्यालं मानूस करतंय.”

तो शब्द त्यांनी सरळ, नावेवर बसून, दोनदा उच्चारला. आणि मग मला उरलेलं आठवलं. थप्पड नावेत नव्हतीच बसली, काठावर बसली होती, सगळे ओले होऊन चिखलात उभे असताना. पाणी कमरेएवढं होतं म्हणून माणसं निभावली. एका म्हातारीची शेळी दाव्यासकट खाली गेली होती आणि ती म्हातारी माझ्याकडे बघत होती. हे सगळं मी चौतीस वर्षं गाळून टाकलं होतं आणि वर्गात फक्त थप्पड सांगत होते, भाषेची गंमत म्हणून.

आबा सांगत राहिले. नावेत पाणी आलं की नावाड्यानं पहिलं एकच बोलायचं, खाली बसा. तेही ओरडून नाही, रोजच्या आवाजात. माणूस खाली बसलं की अर्धा धोका टळतो. मग डबा, मग जवळचा काठ, मग बाकीचं. बुडणं हा शब्द नावेत का चालत नाही, तर तो ऐकून माणूस उठतं म्हणून. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, ते मी शिकवलं होतं, नऊ वर्षांची असताना. आणि मोठी होऊन मीच ते पुस्तिकेत घातलं होतं, मोठ्या आवाजात घोषणा करावी म्हणून.

मी विचारलं, मग परीक्षेत हे का नाही सांगितलं.

“तू बोलू दिलंस व्हय?”

आणि आठ दिवस माझ्या घरात, गॅलरीत उठून जायचे तेव्हा?

त्यांनी खरडणी पुन्हा उचलली. “तुजं नाव छापलंय त्यावर. पोरीनं लिवल्यालं चूक हाय, असं तुज्या तोंडावर कसं म्हनू?”

मला तिथं रडू आलं आणि त्याचाही राग आला. साहेबांनी त्यांना अंधश्रद्धाळू ठरवलं, ते परकेच. पण मी पोटची पोर, मी त्यांना भोळं, बिचारं, शब्दाला भिणारं ठरवलं होतं, आणि तेही गळा काढून, भर कचेरीत. त्यांच्याकडे कारण असेल, कामातलं, रोखठोक कारण, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

सोमवारी मी पुन्हा रजा टाकली आणि कचेरीत गेले. साहेबांना सगळं सांगितलं, या वेळी न सजवता. ती सूचना चुकीची आहे, निदान लहान उघड्या नावेसाठी तरी, ती काढा आणि ‘खाली बसा’ घाला, मी स्वतः लिहून देते. साहेब म्हणाले, विचार करण्यासारखं आहे. मग म्हणाले, पण पुस्तिका मंजूर झालेली आहे, पुढच्या आवृत्तीत बघू. मी म्हटलं, निदान आबांनी हे उत्तर दिलं तर बरोबर धरा. त्यांनी पुस्तिकेचं शेवटचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. उत्तरं इथली असायला हवीत, म्हणाले. “आणि मॅडम, वाक्य तुमचंच आहे.” तुम्ही कधी आमच्या पाण्यावर आलात का, असं मी विचारलं. आले होते म्हणे, एकदा, रोहित पक्षी बघायला. कुणाच्या नावेतून ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

फेरपरीक्षेला आबांनी तोच पांढरा शर्ट घातला. आदल्या रात्री फोनवर त्यांनी मला पोरींच्या परीक्षा कधी आहेत एवढंच विचारलं होतं. या वेळी मी आत बसले नाही, पण दार उघडं होतं. शेवटचा प्रश्न आला आणि आबा स्वच्छ, माझ्या पुस्तकी मराठीत, कुठंही न अडखळता म्हणाले, “नौका बुडत असल्याची मोठ्या आवाजात घोषणा करीन.” साहेब म्हणाले, “शाब्बास काका. बघा, जमलं की नाही?” शिक्का आपटल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

मी त्यांना गावी सोडायला निघाले. एसटीत ते खिडकीशी बसले. परवान्याचा कागद शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवला होता. मोडनिंबला गाडी थांबली, शेंगा विकणारी बाई खिडकीशी आली, त्यांनी तिला नको म्हणून हात केला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पान्याच्या बाबतीत आजवर खोटं बोललो न्हवतो मी.”

पंचेचाळीस वर्षं एक माणूस पाण्याशी इमान राखून आहे, आणि त्याला नाव चालवायला लायक ठरवण्यासाठी या परीक्षेनं त्याच्याकडून पहिली गोष्ट काय करून घेतली, तर त्याला पाण्याबद्दल खोटं बोलायला लावलं. वाक्य मी पुरवलं होतं.

परवान्याबरोबर पत्र्याचा एक फलक आला होता. नावेत सगळ्यांना दिसेल असा लावायचा, काढायचा नाही, असा नियम. त्यावर संकटकाळच्या सूचना होत्या, पुस्तिकेतल्याच, माझी ती घोषणेची पहिल्या क्रमांकावर. आबांनी तो नियमाप्रमाणे नाकाशी, आतल्या बाजूला बसवला. चार खिळे ठोकले. मग घरात गेले आणि खिडक्या रंगवून उरलेला पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आले, आणि दोन्ही माझ्या हातात दिलं.

“तू लिवलंस,” म्हणाले. “आता तूच लिव.”

फलकाला मी हात लावला नाही. त्याच्या खाली पत्र्यावर रिकामी जागा होती. तिथं गुडघ्यावर बसून हातभर लांब अक्षरांत मी लिहिलं, ‘खाली बसा.’ रंग दोन ठिकाणी ओघळला. आबांनी लांबून वाचून बघितलं, बोट न ठेवता. रंग रात्रभर वाळू दिला, सकाळी आम्ही नाव सोडली आणि जुन्या गावावरून, भिंतींमधल्या वाटेनं वस्तीवर गेलो. पोरी दप्तरं घेऊन उभ्याच होत्या. चढल्या, जॅकेटं घातली, एकीनं ते वाचलं आणि बसली, मग बाकीच्याही बसल्या. या मजकुराला कुणाचीही मंजुरी घेतलेली नाही.